सेकंडरी चेसिस सारखं सिंकमधून सुटतंय? कार्ड उपसण्याआधी या क्रमाने बघा

प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरची (पीएलसीची) जोडी असते: एका चेसिसमधला (कार्डांच्या रॅकमधला) काम करतो तो प्रायमरी, दुसऱ्यातला तयारीत असतो तो सेकंडरी, आणि दोघांचा डेटा जुळलेला असला की सिंक. या जोडीच्या व्यवस्थेला रिडंडन्सी म्हणतात. एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) रिडंडन्सीचा अलार्म येतो, ऑपरेटर ॲक्नॉलेज करतो आणि थोड्या वेळाने अलार्म आपोआप जातो. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग रोज. पॅनल उघडून बघितलं तर सेकंडरीच्या रिडंडन्सी मॉड्यूलवर 'एस-वाय-एन-सी' ही चार अक्षरं असायला हवीत तिथे 'डी-आय-एस-क्यू' दिसतं, म्हणजे सेकंडरी अपात्र. कधी 'क्यू-एफ-एन-जी'वर अडकलेलं असतं, म्हणजे पात्र व्हायची धडपड चालू आहे पण जमत नाहीये. आणि या सगळ्यात प्लांट मात्र झकास चालू असतो. म्हणूनच कोणी लक्ष देत नाही. डिकीत स्टेपनी आहे एवढ्यावर सगळे खूश, तिच्यात हवा आहे का ते पंक्चर झाल्यावर कळतं.

मी लिहितोय ते ॲलन-ब्रॅडलीच्या कंट्रोललॉजिक्सबद्दल, १७५६-आरएम२ रिडंडन्सी मॉड्यूल असलेल्या जोडीबद्दल. साखर कारखान्यांच्या कोजन (वीजनिर्मितीच्या) बॉयलरवर आणि टर्बाइनच्या बाजूला हा एकच आजार मी इतक्या वेळा बघितलाय की फोनवर पहिलं वाक्य ऐकलं तरी पुढचं कळतं. सीमेन्सची एस७-४००एच जोडी असेल तर दिव्यांची नावं वेगळी (तिथे 'रेडएफ' आणि 'आयएफएम१एफ', 'आयएफएम२एफ' बघायचे), पण तपासण्याचा क्रम जवळपास हाच.

आत काय चालतं ते थोडक्यात

दोन चेसिस, दोन्हींत तीच कार्डं, त्याच स्लॉटमध्ये. प्रायमरीचा कंट्रोलर प्रोग्रॅम चालवतो आणि प्रोग्रॅम संपला की बदललेला डेटा फायबरवरून सेकंडरीला पाठवतो. याला क्रॉसलोड म्हणतात. आय/ओ (सेन्सर आणि व्हॉल्व्हशी जोडलेली कार्डं) या दोन चेसिसमध्ये नसतातच, ते नेटवर्कवरच्या वेगळ्या रॅकमध्ये असतात. त्यामुळे प्रायमरीची पॉवर गेली, कंट्रोलरला मेजर फॉल्ट (प्रोग्रॅम थांबवणारा बिघाड) आला, प्रायमरीतलं एखादं कार्ड कोणी उपसलं किंवा नेटवर्कची केबल निघाली, की सेकंडरी त्याच आय/ओचा ताबा घेतं आणि शेवटच्या क्रॉसलोडपासून पुढे काम सुरू करतं. याला स्विचओव्हर म्हणतात. आउटपुट हलू नयेत याची खात्री मात्र फक्त सगळ्यांत वरच्या प्रायॉरिटीच्या टास्कमधल्या (प्रोग्रॅमच्या भागातल्या) आउटपुटना असते. ड्रम लेव्हलचं (बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीचं) लूप खालच्या टास्कमध्ये ठेवून 'स्विचओव्हरला झटका का बसला' असं विचारणारे मला भेटलेत.

आता यातली मेख. सेकंडरी सिंकमध्ये असेल तरच हे सगळं घडतं. 'डी-आय-एस-क्यू' दिसत असताना प्रायमरी गेलं तर प्लांट गेला. बॅकअप ताबा घेऊ शकलं नाही अशा ज्या केसेस माझ्याकडे आल्या, त्यांत बॅकअप त्या रात्री मेलेलं नव्हतं. ते आधीच, कधी कधी तीन-तीन आठवडे आधी, बाहेर पडलेलं होतं.

हात लावण्याआधी

एक गोष्ट सांगतो, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका कारखान्यात, नाव नको, जानेवारीत ऐन गाळपाच्या भरात रात्री अडीचला रिडंडन्सीचा अलार्म आला. नाइट शिफ्टचा इन्स्ट्रुमेंटचा पोरगा हुशार होता. पॅनलच्या दारावर कोणीतरी स्टिकर लावलेले, 'ए – मेन' आणि 'बी – बॅकअप'. त्याने विचार केला, बॅकअपचंच कार्ड काढून परत बसवू. बीमधलं इथरनेट कार्ड उपसलं. पण मागच्या महिन्यात कधीतरी स्विचओव्हर झालेला, त्यामुळे प्रायमरी बी होतं आणि 'डी-आय-एस-क्यू'मध्ये पडलेलं ए होतं. बॉयलर ट्रिप, मागोमाग टर्बाइन, मग अख्खी मिल उभी. सकाळी सात वाजता चीफ इंजिनिअरसाहेबांसमोर तो पोरगा हातात कार्ड घेऊन उभा होता. त्याची चूक म्हणावी तर स्टिकर लावणाऱ्याची किती म्हणायची?

ए आणि बी ही चेसिसची नावं आहेत. प्रायमरी-सेकंडरी ही त्या क्षणाची भूमिका आहे आणि ती बदलते. कोण प्रायमरी आहे हे फक्त मॉड्यूलच्या डिस्प्लेवरून ठरवायचं. 'पी-आर-आय-एम' दिसतं ते चेसिस, आणि त्याला हात लावायचा नाही.

दुसरं, लॉग काढून ठेवा. लॅपटॉपवर आरएसलिंक्स क्लासिकमधून (कंट्रोलरशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) रिडंडन्सी मॉड्यूलवर राइट-क्लिक करून कॉन्फिगरेशन टूल उघडा. त्यात इव्हेंट लॉग असतो आणि सिंक्रोनायझेशनच्या टॅबवर शेवटच्या चार प्रयत्नांची नोंद असते. फक्त चारच. ऑटो-सिंक 'ऑल्वेज'वर असेल तर ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि मूळ कारणाची नोंद मागे ढकलली जाते. म्हणून आधी लॉग एक्स्पोर्ट करा, मोबाइलवर दोन्ही चेसिसच्या डिस्प्लेचे फोटो घ्या, मग बाकीचं. आणि मॉड्यूलचं घड्याळ बरोबर लावलेलं आहे का ते बघा. माझ्या अनुभवात निम्म्या ठिकाणी ते लावलेलंच नसतं, मग 'अलार्म आला तेव्हा काय चालू होतं' हे जुळवताच येत नाही.

फुकटात होणारी तपासणी: पॉवर, धूळ, उष्णता

लॉगमध्ये सेकंडरी चेसिस नव्याने पॉवर-अप झाल्याची नोंद दिसते का? दिसली तर फायबर, नेटवर्क, प्रोग्रॅम सगळं बाजूला ठेवा. चेसिसची वीज जातेय. मिलच्या इमारतीत चोवीस तास कंप असतो, टर्मिनलचे स्क्रू ढिले पडतात. मी एकदा पॉवर सप्लायच्या न्यूट्रलची तार नुसत्या बोटाने ओढली तर हातात आली. ही तपासणी सेकंडरीच्याच बाजूला, एमसीबी (त्या बाजूचा ब्रेकर) बंद करून.

आणि एमसीबी शोधायला जाल तेव्हाच बघून घ्या, दोन्ही चेसिस एकाच यूपीएसच्या एकाच एमसीबीवर तर नाहीत ना? दोन चेसिस, दोन कंट्रोलर, दोन रिडंडन्सी मॉड्यूल, सगळं लाखांत घेतलेलं आणि दोन्हींचा जीव एका सोळा अँपियरच्या बटणात. असं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. एमसीबी बंद करण्याआधी हे बघितलंत तर वाचाल.

या कार्डांना भोवतालची हवा ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालते. ऐकायला भरपूर वाटतं, पण पॅनलचा एसी बंद, फिल्टरवर बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) भुश्श्याचा थर आणि मार्चची दुपार असेल तर बंद पॅनलमध्ये तिथवर जायला वेळ लागत नाही. सुटण्याची वेळ दर वेळी दुपारी दोन ते पाच असेल तर संशय इथेच घ्या. थर्मामीटर आत ठेवून दार लावा आणि अर्ध्या तासाने बघा. फिल्टर धुवायला पैसे पडत नाहीत.

फायबर

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यांत जास्त केसेस इथे मिटतात.

आरएम२वर फायबरचे दोन चॅनल असतात, सीएच१ आणि सीएच२. एका वेळी एकच काम करतो, दुसरा राखीव. एक तुटला तर दुसरा घेतो, स्विचओव्हर होत नाही, सिंक जात नाही. म्हणजे बॅकअपच्या केबललाही बॅकअप आहे. चांगली सोय, पण तिचा तोटा असा की पहिली केबल तुटते तेव्हा कोणाला पत्ताच लागत नाही. ती तुटलेली राहते, सीझन संपतो, दुसरा सुरू होतो, मग दुसऱ्या केबलवर थोडा ताण आला की अलार्म. तुम्ही दुसरी केबल दुरुस्त करता, अलार्म जातो, आणि पहिली तशीच मेलेली. सहा महिन्यांनी परत तेच. म्हणून दोन्ही चॅनलचे दिवे बघा, एक नाही.

केबल सिंगल-मोड असते, एलसी कनेक्टरची. सीएच१ ला सीएच१च जोडायला हवा असं बंधन नाही, सीएच१ ला सीएच२ जोडला तरी चालतं. पॅनलमध्ये केबल टायने आवळून बांधलेली असेल तर टाय कापून मोकळी करा. वायरमनला कॉपरच्या केबली आवळून बांधायची सवय असते, फायबरला तो फास बसतो. ट्रेमधून दोन पॅनल रूममध्ये गेलेली असेल तर उंदीर. गुळाचा, मळीचा वास असलेल्या आवारात उंदरांना काही कमी नसतं, तरी फायबरच कुरतडतात. एका ठिकाणी केबलचं वरचं आवरण चार इंच खाल्लेलं आणि आतलं फायबर तुटलेलं नव्हतं, पण ट्रे हलला की प्रकाश कमी व्हायचा. ऊस उतरवायची क्रेन चालू झाली की अलार्म, हे कोडं तिथे सुटलं.

पुसणं ही दुसरी गोष्ट. कनेक्टरच्या टोकाचा गाभा साधारण नऊ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. बगॅसच्या धुळीचा एक कण त्यावर बसला तरी पुरे. फायबर क्लीनरचं पेन मिळतं, त्याने एकदा टक् करून पुसा. ते नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फायबरचे वाइप. शर्टाला पुसू नका, तोंडाने फुंकू नका. काढलेल्या टोकावर लगेच टोपी बसवा. आणि टोकात डोळा लावून 'उजेड येतोय का' बघू नका: हा १३१० नॅनोमीटरचा प्रकाश आहे, डोळ्याला दिसतच नाही.

एक चॅनल चांगला असताना दुसऱ्यावर काम केलं तर सिंक टिकून राहतं. दोन्ही एकदम काढू नका. सेकंडरी आधीच बाहेर असेल तर प्रायमरी एकटं चालत राहील, पण त्या वेळात तुम्ही दोरीवर आहात हे शिफ्ट इनचार्जला सांगून ठेवा.

नेटवर्क आणि तो एक जास्तीचा आयपी

फायबरनंतर मला सगळ्यांत जास्त सापडलेलं कारण. दोन्ही चेसिसमधल्या जोडीच्या इथरनेट कार्डांना एकच आयपी दिलेला असतो. सेकंडरी पात्र व्हायला लागलं की त्याचं कार्ड आपोआप पुढचा आकडा घेतं. प्रायमरी १९२.१६८.१.२० असेल तर सेकंडरी १९२.१६८.१.२१. स्विचओव्हर झाला की आकडे अदलाबदल होतात, त्यामुळे एचएमआयला नेहमी वीसच दिसतो. ड्रॉइंगवर मात्र वीसच लिहिलेला असतो, आणि कोणीतरी एकवीस मोकळा समजून वापरतो.

माझ्या एका केसमध्ये रात्री सिंक व्हायचं, दिवसा एकदा सुटलं की संध्याकाळपर्यंत परत होईना. चार दिवस गेले. शेवटी एकवीसला पिंग केलं (नेटवर्कवरून हाक मारली), सेकंडरी बाहेर असताना, आणि उत्तर आलं. उत्तर देणारा कोण? एका कंत्राटदाराचा लॅपटॉप, सकाळी नऊला येऊन कंट्रोल रूमच्या स्विचला लागायचा आणि सहाला घरी जायचा. त्या चार दिवसांत आम्ही एक नवं रिडंडन्सी मॉड्यूलही मागवून बसलो होतो. म्हणून सेकंडरी बाहेर असताना पुढच्या आकड्याला पिंग करा. दहा सेकंदांचं काम आहे. उत्तर आलं तर ते सेकंडरीच्याच कार्डाचं आहे की दुसऱ्या कोणाचं ते शोधा.

केबलची क्लिप बघा. आरजे-४५च्या प्लास्टिकचा दात तुटलेला असतो, कनेक्टर बसलेला दिसतो, कंपनाने हळूहळू मागे सरकतो. सेकंडरीच्या इथरनेट कार्डाची लिंक तुटली की ते अपात्र होतं. प्रायमरीची तुटली की स्विचओव्हर. आणि दोन्ही चेसिसच्या केबली एकाच स्विचमध्ये गेलेल्या असतील तर तो स्विच म्हणजे वरच्या गोष्टीतला सोळा अँपियरचा एमसीबीच.

कोणी काही बदललंय का?

इथे कार्ड नाही, माणसं तपासायची. 'काही नाही केलं' हे पहिलं उत्तर असतं, चहानंतर दुसरं येतं.

कार्ड बदललं असेल तर फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर). या जोडीला सुटं फर्मवेअर चालत नाही, कंट्रोलर, इथरनेट, रिडंडन्सी मॉड्यूल सगळ्यांचं मिळून ठरलेलं बंडल असतं. स्टोअरमधून काढलेलं कार्ड दिसायला तेच, आतून वेगळ्या आवृत्तीचं. आरएम आणि आरएम२ यांची जोडी तर जुळतच नाही. प्रोग्रॅम डाउनलोड केला असेल तर कंट्रोलर प्रॉपर्टीजमध्ये रिडंडन्सीच्या टॅबवरची टिक बघा. जुन्या बॅकअप फाइलमध्ये ती नसते, आणि टिक नसेल तर सेकंडरी कितीही प्रयत्न करून पात्र होणार नाही.

प्रोग्रॅम

सिंक झालं की स्कॅन टाइम (प्रोग्रॅमच्या एका फेरीचा वेळ) वाढतो, कारण क्रॉसलोडला वेळ लागतो. टास्कच्या मॉनिटर टॅबवर सिंक असताना आणि नसताना कमाल स्कॅन किती, ते लिहून काढा. वॉचडॉग (एका फेरीसाठीची कमाल मुदत) मुळात ५०० मिलिसेकंदांचा असतो, कोणी कमी केलेला असेल आणि स्कॅन त्याला टेकत असेल तर मेजर फॉल्ट येणार. मेमरीही बघा: रिडंडन्सी चालू असली की डेटा आणि आय/ओची मेमरी दुप्पट लागते. दर सीझनला दोन नवे लूप, चार नवे ट्रेंड, असं करत करत ती भरते.

एक गोष्ट व्यवस्थापनाला समजावताना माझा घसा सुकतो. सेकंडरीत तोच प्रोग्रॅम आहे. ॲरेच्या बाहेरचा इंडेक्स (यादीत नसलेला क्रमांक) वाचल्यामुळे प्रायमरीला फॉल्ट आला तर सेकंडरी ताबा घेईल, त्याच ओळीवर येईल आणि त्यालाही तोच फॉल्ट येईल. ही व्यवस्था हार्डवेअरच्या बिघाडासाठी आहे.

स्विचओव्हर करून बघणं

कारण सापडलं, दुरुस्त केलं, 'एस-वाय-एन-सी' आलं. आता टूलमधून मुद्दाम स्विचओव्हर करून बघायचा, पण चालू गाळपात नाही. अग्निप्रदीपन झाल्यावर आणि मोळी टाकण्याआधी जे दिवस मिळतात ते याच कामासाठी समजा. बॉयलर हलक्या फायरवर, माणसं फील्डवर, आणि एकदा नाही, दोनदा: ए कडून बी कडे आणि परत. ट्रेंडवर आयडी फॅनचा (बॉयलरचा धूर ओढणाऱ्या पंख्याचा) डॅम्पर आणि फीड वॉटर व्हॉल्व्ह लावून ठेवा, काटा हलला का ते तिथे दिसेल. मधल्या काळात अलार्मला 'लो प्रायॉरिटी'तून बाहेर काढा आणि शिफ्टच्या रजिस्टरमध्ये दोन्ही डिस्प्लेवरची अक्षरं लिहायची एक ओळ घाला. मी गेलेल्या ठिकाणी ही ओळ फुकटात पडली आणि तिनेच पुढच्या दोन केसेस वेळेत पकडल्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सेकंडरी बाहेर असताना प्रायमरीवरही फॉल्टचा दिवा असेल, तर पॅनलचं दार लावून घ्या आणि आधी प्लांट सुरक्षित खाली आणायचं बोला. रिडंडन्सी मॉड्यूलवर 'ई' आणि आकडे येत असतील तर तो मॉड्यूलचा स्वतःचा फॉल्ट आहे, घरी सुटत नाही. फर्मवेअरचं बंडल बदलायची वेळ आली तर चालू सीझनमध्ये स्वतः करू नका. कार्ड बसवताना अडलं आणि बॅकप्लेनची पिन वाकलेली दिसली तर ते कार्ड परत दाबू नका. एकाच कारणाने दोन वेळा सिंक फसलं आणि वरचं सगळं बघून झालं असेल तर तिसरा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. आणि बर्नर मॅनेजमेंट (बॉयलरच्या ज्वाळेवर नजर ठेवणारी) किंवा कुठलीही सेफ्टीची सिस्टीम असेल तर पहिल्या पायरीनंतरच थांबा: डिस्प्लेचा फोटो, लॉग, बस. तिथे फायबर पुसायलासुद्धा लेखी परवानगी घ्या.

बोलवाल तेव्हा फोनवर 'रिडंडन्सी गेली' एवढंच सांगू नका. एक्स्पोर्ट केलेला लॉग, दोन्ही चेसिसचे फोटो, प्रत्येक कार्डाचा कॅटलॉग नंबर आणि फर्मवेअर, शेवटचं कार्ड कधी बदललं ती तारीख, आणि पिंगचं उत्तर, एवढं आधीच मेल करा. माणूस गाडीत बसतानाच स्टोअरमधून कोणतं कार्ड घ्यायचं ते ठरवतो. नाहीतर तो येतो, बघतो, आणि कार्ड आणायला परत पुण्याला जातो. तो येईपर्यंत सेकंडरीला हात नको, प्रायमरीला तर नकोच, आणि पॅनलच्या दारावरचे ते 'मेन' आणि 'बॅकअप'चे स्टिकर खरवडून काढा.